उपग्रह कुणाच्या रॉकेटवर चढवायचा? अपयशं शेजारी ठेवून केलेली तुलना

पन्नास ते दोनशे किलोचा उपग्रह तयार होत आलाय, पैसे मोजके आहेत आणि प्रक्षेपणाचा करार येत्या काही महिन्यांत करायचाय, अशा चमूसाठी ही तुलना आहे. पाच-सहा टनी उपग्रहांचं आणि हजारोंच्या ताफ्यांचं गणित वेगळं. त्याकडे पुढे वळू, पण थोडक्यातच.

प्रक्षेपण विकायला येणारी प्रत्येक कंपनी तेच आकडे पुढे करते: किलोमागचा भाव, आजवरच्या यशाची टक्केवारी, पुढच्या उड्डाणाची तारीख. हे आकडे सहसा खोटे नसतात. पण नुसत्या त्यांच्यावर भिस्त ठेवली तर पस्तावायची वेळ येते, कारण या धंद्यात अपयश कुणालाच चुकलेलं नाही. रॉकेट कधी कोसळलं होतं का, हा प्रश्न तसा बिनकामाचा आहे. कोसळल्यावर किती दिवसांनी ते पुन्हा उडालं, नेमकं काय बिघडलं हे उघडपणे सांगितलं गेलं का, आणि ताटकळलेल्या ग्राहकाला दुसरीकडे जाता आलं का, हे विचारा. खालचं डावं-उजवं मी याच कसोटीवर ठरवलंय.

टक्केवारी एकीकडे, वागणूक दुसरीकडे

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं उदाहरण घ्या. १९९३ मधलं पहिलं उड्डाण फसलं. २०१७ मध्ये सी-३९ या उड्डाणाच्या वेळी उष्णतारोधक कवच उघडलंच नाही आणि उपग्रह आतच अडकला. पूर्ण फसलेली उड्डाणं म्हणायची तर २०२४ पर्यंत एवढीच. २०१७ च्याच फेब्रुवारीत या रॉकेटने एका फेरीत १०४ उपग्रह सोडले होते. डोळे झाकून सही करावी असा लेखाजोखा. मग १८ मे २०२५ ला सी-६१ च्या तिसऱ्या टप्प्याने दगा दिला. जवळपास आठ महिन्यांनी, १२ जानेवारी २०२६ ला, सी-६२ झेपावलं आणि बिघाड पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात झाला. मुख्य उपग्रहाबरोबर पंधरा सहप्रवासीही गेले. मधल्या काळात पहिल्या अपयशाचा चौकशी अहवाल लोकांसमोर आलेला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला जुनी टक्केवारी दिसत होती, पण त्या टप्प्यात काय बदललं हे पडताळायला जाहीर कागद नव्हता.

गंमत म्हणजे हीच इस्रो २०२२ मध्ये अगदी वेगळी वागली होती. एसएसएलव्ही या तिच्या नव्या लहान रॉकेटचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्टला फसलं तेव्हा कारण तपशिलात सांगितलं गेलं. दुसरा टप्पा वेगळा होताना क्षणभर इतके जोराचे हादरे बसले की त्वरणमापकांच्या वाचनाने कमाल मर्यादा गाठली. संगणकाने सगळे सेन्सर बाद झाले असं मानलं आणि तो बचावाच्या कार्यक्रमावर गेला. त्यामुळे ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी एका बाजूला ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणारी कक्षा मिळाली. एवढ्या खाली हवा उपग्रहाला टिकू देत नाही. दुरुस्ती काय केली हेही सांगितलं आणि सहा महिन्यांनी दुसरं उड्डाण व्यवस्थित झालं. संस्था तीच, दोन अपयशांनंतरचं वागणं वेगळं, आणि पुढचे निकालही वेगळे. एवढ्यावरून नियम मांडता येणार नाही, पण ग्राहकाने कान टवकारावेत इतकं पुरेसं आहे.

आता शेजारी स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ ठेवा. जुलै २०२४ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्यातून द्रवरूप ऑक्सिजन गळायला लागला, इंजिन दुसऱ्यांदा पेटताना बिघडलं आणि कंपनीचेच २० स्टारलिंक इंटरनेट उपग्रह इतक्या खाली सुटले की वातावरणात जळून गेले. कारण निघालं ते एका दाबमापक सेन्सरकडे जाणाऱ्या नळीत. तिला धरणारा क्लॅम्प सैल होता, इंजिनाच्या थरथरीने नळीला तडा गेला. कंपनीने ते जाहीर केलं, तो सेन्सर उड्डाणाच्या सुरक्षेला लागतच नाही म्हणून पुढच्या उड्डाणांसाठी नळीसकट काढून टाकला, आणि पंधरवड्यानंतर, २७ जुलैला, रॉकेट पुन्हा उडालं. याच रॉकेटला जून २०१५ च्या अपयशानंतर जवळपास सहा महिने लागले होते (टाकीतली हेलियमची बाटली धरणारा आधार तुटला होता) आणि सप्टेंबर २०१६ च्या पॅडवरच्या स्फोटानंतर साडेचार महिने. सहा महिने, साडेचार महिने, पंधरवडा: मला यात कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त माहिती दिसते.

अर्थात, पंधरवड्यात उठून उभं राहणं थोडं सोपंही होतं. गेलेला माल स्वतःचाच होता, दारात रडणारं गिऱ्हाईक नव्हतं. त्या वर्षी फाल्कन ९ ची १३० च्या वर उड्डाणं झाली आणि त्यांतली साधारण दोन तृतीयांश स्टारलिंकची. म्हणजे रॉकेटमध्ये काही खोट दडलेली असेल तर ती आधी मालकाच्याच मालावर बाहेर पडायची शक्यता जास्त. इतर कुठल्याही कंपनीकडे ही सोय नाही.

दुसऱ्या टोकाला युरोपचं वेगा-सी. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या नोझलच्या गळ्यातला कार्बनचा भाग अपेक्षेपेक्षा भराभर झिजला आणि प्लेआदेस निओ मालिकेतले दोन उपग्रह गेले. नवा भाग बसवून जून २०२३ मध्ये जमिनीवर चाचणी घेतली, तीही फसली. मग नोझलच नव्याने आखावं लागलं. पुढचं उड्डाण ५ डिसेंबर २०२४ ला. चौकशी प्रामाणिक होती, सगळं उघडपणे सांगितलं गेलं, तरी दोन वर्षं गेलीच. मोकळेपणा असला की वेग मिळतोच असं नाही. वर्षाला दोन-तीन उड्डाणं करणाऱ्या रॉकेटला शिकायलाही तितकाच वेळ लागतो.

वाटून घेतलेली जागा: ट्रान्सपोर्टर

बहुतेकांच्या डोक्यात पहिला पर्याय हाच असतो आणि त्यात चूक काही नाही. फाल्कन ९ वर अनेक ग्राहकांचे उपग्रह एकत्र नेणाऱ्या फेऱ्यांना स्पेसएक्स ट्रान्सपोर्टर म्हणते. २४ जानेवारी २०२१ ला तिने ट्रान्सपोर्टर-१ मधून एका वेळी १४३ उपग्रह सोडले. सुरुवातीचा भाव होता २०० किलोला १० लाख डॉलर. तेव्हापासून तो वर सरकत आलाय, तरी जवळपास कुणी पोचत नाही. वर्षाकाठी दोन ते चार फेऱ्या होतात. शिवाय २०२४ पासून बँडवॅगन नावाने कमी कलाच्या, म्हणजे विषुववृत्ताशी कमी कोन करणाऱ्या, कक्षेतल्या फेऱ्याही आहेत. तुम्ही वेळेत तयार झाला नाहीत तर रॉकेट तुमच्यासाठी थांबत नाही, पण पैसे पुढच्या फेरीकडे वळवता येतात. लहान चमूला हे सोयीचंच असतं.

अडचण भावात नाही, कक्षेत आहे. ट्रान्सपोर्टर तुम्हाला सूर्यसमकालिक कक्षेत (जिथून उपग्रह दर वेळी ठरावीक स्थानिक वेळेलाच खालच्या जागेवरून जातो) साधारण पाचशे-सहाशे किलोमीटरवर सोडतो, आणि विषुववृत्त ओलांडायची स्थानिक वेळ त्या फेरीची जी असेल ती. तुमच्या कॅमेऱ्याला सकाळी साडेदहाचं ऊन हवं असेल तर साडेदहाची फेरी शोधा. ‘नंतर सरकवून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. या उंचीवर कक्षेचं प्रतल, म्हणजे ती ज्या सपाटीत फिरते ती पातळी, एक अंशाने वळवायलाच सेकंदाला सुमारे १३० मीटर इतका वेगबदल लागतो. लहान उपग्रहाची सगळी इंधनटाकी एक-दोन अंशांतच रिकामी होते. दुसरा मार्ग फुकटचा आहे, पण संथ. थोड्या वेगळ्या उंचीवर थांबायचं आणि पृथ्वीच्या फुगीरपणामुळे प्रतल आपोआप सरकू द्यायचं. शंभर किलोमीटर वर किंवा खाली थांबलात, तर स्थानिक वेळेत एका तासाचा फरक पडायला दहा महिन्यांच्या आसपास लागतात. तीन वर्षं आयुष्य असलेल्या उपग्रहाचे दहा महिने!

यावर तोडगा म्हणून कक्षा-बदल वाहनं आली. रॉकेटने सोडल्यावर ती उपग्रहाला हव्या त्या कक्षेत नेऊन सोडतात. इटलीच्या डी-ऑर्बिटचं आयन हे त्यांतलं बऱ्यापैकी रुळलेलं नाव. पण मध्ये एक कंपनी आली की जोखीमही एक पायरी वाढते. मोमेंटस कंपनीला अमेरिकी सरकारची मंजुरी वेळेत मिळाली नाही आणि ट्रान्सपोर्टर-१ वरचं तिचं वाहन उड्डाणाच्या महिन्यात उतरवावं लागलं. रॉकेट ठणठणीत होतं, वेळेवर उडालंही. त्या वाहनातले प्रवासी मात्र जमिनीवर राहिले. म्हणून दलालामार्फत जागा घेताना त्या दलालाचाही इतिहास रॉकेटच्या इतिहासाइतकाच बारकाईने तपासा.

स्वतःचं रॉकेट: इलेक्ट्रॉन

रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन कमी उंचीच्या कक्षेत जास्तीत जास्त ३०० किलो नेतं आणि अख्खं रॉकेट घ्यायचं तर ७५ लाख डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. शंभर किलोच्या उपग्रहासाठी ट्रान्सपोर्टरशी तुलना केली तर हा खर्च दहापटीच्या घरात जातो. एवढे पैसे लोक का देतात?

नासाच्या ट्रॉपिक्स मोहिमेची गोष्ट इथे सगळ्यात बोलकी आहे. चक्रीवादळांवर नजर ठेवणारे सहा छोटे उपग्रह, दोन-दोन करून तीन उड्डाणांत सोडायचे होते. प्रतलं वेगवेगळी, कल सुमारे ३० अंशांचा, आणि सगळे थोड्या दिवसांच्या अंतराने वर जायला हवेत. वाटून घेतलेल्या जागेत हे बसण्यासारखं नव्हतं. नासाने अ‍ॅस्ट्रा या छोट्या रॉकेट कंपनीला तीन उड्डाणांचं कंत्राट दिलं, ७९.५ लाख डॉलरला. एका उड्डाणाला साडेसव्वीस लाख पडले, हा भाव इतर कुणी ऐकूनही घेतला नसता. नासा बेसावध नव्हती. तीनपैकी दोन उड्डाणं जमली तरी मोहीम पार पडेल अशी आखणी होती. जून २०२२ मध्ये पहिलंच उड्डाण फसलं. वरच्या टप्प्याच्या इंजिनातला इंधनाचा मार्ग अंशतः तुंबला, इंजिनाची भिंत जळून भोक पडलं आणि इंधन वेळेआधी संपलं. त्यानंतर अ‍ॅस्ट्राने ते रॉकेटच बंद केलं. उरलेले चार उपग्रह इलेक्ट्रॉनकडे आले, दोन उड्डाणांचे सुमारे १.३ कोटी डॉलर. मे २०२३ मध्ये तीनेक आठवड्यांच्या अंतराने दोन्ही उड्डाणं झाली आणि चारही उपग्रह वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी जागेवर पोचले.

उड्डाणामागे अडीचपट जादा दर. पण वादळांचा हंगाम चुकला असता तर अख्खं वर्ष हातचं गेलं असतं. तुमच्या कामाला असा काही हंगाम असेल, किंवा कक्षेची अट सोडता येणार नसेल, तर इलेक्ट्रॉनचा भाव महाग वाटायचा थांबतो. फ्रान्सच्या किनेइस कंपनीने इलेक्ट्रॉनवरून २५ उपग्रह पाच उड्डाणांत, दर वेळी पाच, वेगवेगळ्या प्रतलांत सोडले: जून २०२४ ते मार्च २०२५. ट्रान्सपोर्टरवरून हेच करायचं म्हटलं असतं तर सरकत बसावं लागलं असतं.

इलेक्ट्रॉनची अपयशंही समोर असू द्या. मे २०१७ चं पहिलं उड्डाण गमतीशीर कारणाने गेलं. रॉकेट ठीक होतं, पण जमिनीवरच्या माहिती टिपणाऱ्या यंत्रात मांडणी चुकली होती. माहिती येईना, म्हणून सुरक्षा अधिकाऱ्यांना उड्डाण तोडावं लागलं. मग जुलै २०२० मध्ये एक सदोष विद्युत जोडणी तापून सुटली. मे २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटताना घोटाळा झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च दाबाच्या विद्युत यंत्रणेत विरळ हवेत ठिणगी पडली. पुन्हा उड्डाण अनुक्रमे दोन, अडीच आणि तीन महिन्यांत, आणि प्रत्येक वेळी कारण जाहीर. शेवटच्या अपयशात कपेला कंपनीचा उपग्रह गेला होता. २०२४ मध्ये या रॉकेटची सोळा उड्डाणं झाली. लहान रॉकेटांत यापेक्षा सरस रेकॉर्ड मला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अख्खं रॉकेट तुमचं असलं तरी तारीख तुमची असेलच असं नाही. आधीच्या ग्राहकाचा उपग्रह रखडला किंवा मधलं उड्डाण फसलं की रांग सगळ्यांचीच हलते.

मधली फळी

तीनशे ते पाचशे किलोच्या उपग्रहांना इलेक्ट्रॉन पुरत नाही आणि फाल्कन ९ अख्खं घेणं परवडत नाही. त्याला सात कोटी डॉलरच्या वर लागतात. या जागेत पीएसएलव्ही, एसएसएलव्ही, वेगा-सी आणि अमेरिकेचं फायरफ्लाय अल्फा येतात. पीएसएलव्हीबद्दल माझं मत सरळ आहे. तिसऱ्या टप्प्याचं कारण आणि दुरुस्ती कागदावर बघायला मिळेपर्यंत सही करू नका, पण नाव यादीतून खोडूही नका. तीस वर्षांची कमाई दोन उड्डाणांत वाया जात नसते. एसएसएलव्ही ५०० किलोपर्यंत नेतं, त्याचं तंत्रज्ञान हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे द्यायचं २०२५ मध्ये ठरलं, आणि कुलसेकरपट्टिनमला नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहतंय. तिथून दक्षिणेकडे सरळ जाता येईल. श्रीहरिकोट्याहून निघताना श्रीलंका टाळायला वळसा घ्यावा लागतो आणि लहान रॉकेटचं बरंचसं बळ त्यातच जातं. फक्त हस्तांतराच्या काळात कारखाना, माणसं, तपासणीची पद्धत सगळं बदलतं. त्या काळातलं उड्डाण घेताना भाव घासाघीस करून घ्या.

फायरफ्लायचं पहिलं उड्डाण सप्टेंबर २०२१ मध्ये फसलं, एप्रिल २०२५ मधलंही फसलं. मधली काही कमी-जास्त प्रमाणात जमली. मी थांबेन.

चीनची रॉकेटं भावात आकर्षक दिसली तरी उपग्रहात अमेरिकी बनावटीचे नियंत्रित सुटे भाग असतील तर निर्यात नियम ते दार बंदच करतात. जपानचं एच-३ मोठ्या मालासाठी आहे, आणि तिथल्या लहान कायरोस रॉकेटचा पहिला प्रयत्न मार्च २०२४ मध्ये सुटल्यावर पाचच सेकंदांत संपला.

‘फाल्कन १ सुद्धा तीनदा पडलं होतं’

नव्या कंपनीच्या विक्री-बैठकीत हे वाक्य हमखास येतं. खरंही आहे. स्पेसएक्सच्या या पहिल्या रॉकेटची २००६, २००७ आणि २००८ ची तीन उड्डाणं फसली, चौथं २८ सप्टेंबर २००८ ला जमलं. पण ग्राहकाने ही गोष्ट ग्राहकाच्या बाजूने ऐकावी. पहिल्या उड्डाणात अमेरिकी वायुसेना अकादमीच्या विद्यार्थ्यांचा फाल्कनसॅट-२ होता. प्रक्षेपण जिथून झालं त्या प्रशांत महासागरातल्या ओमेलेक बेटाच्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचा एक नट गंजला होता, इंधन गळलं, आग लागली, रॉकेट कोसळलं. तो उपग्रह उडून बेटावरच्याच एका शेडच्या छपरातून आत पडला. आणि जे उड्डाण यशस्वी झालं त्यात कुणाचाच खरा उपग्रह नव्हता, नुसतं वजन होतं. कंपनी तगली, मोठी झाली, पण पहिल्या तिन्ही खेपांना वर चढलेल्यांच्या पदरात काही पडलं नाही.

शिवाय पडून उठलेल्या एकीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, न उठलेल्यांची यादी लांब आहे. विमानातून रॉकेट सोडणाऱ्या व्हर्जिन ऑर्बिट कंपनीने ९ जानेवारी २०२३ ला ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलहून विमान उडवलं, पंखाखालचं रॉकेट सुटलंही. दुसऱ्या टप्प्याच्या इंधनमार्गातली एक गाळणी जागची हलली. त्यांच्या प्रमुखानेच तिची किंमत शंभर डॉलर सांगितली होती. नऊ उपग्रह गेले आणि एप्रिलच्या सुरुवातीला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधीची चार उड्डाणं ओळीने यशस्वी होती, हे विसरू नका. बिघाड दुरुस्त होण्यासारखा होता. ती दुरुस्ती होईपर्यंत पगार द्यायला पैसे नव्हते. एबीएल कंपनीचं पहिलं रॉकेट जानेवारी २०२३ मध्ये उडाल्या-उडाल्या पडलं, दुसरं जुलै २०२४ मध्ये चाचणीतच जळालं, आणि वर्ष संपायच्या आत कंपनी व्यापारी प्रक्षेपण सोडून क्षेपणास्त्र संरक्षणाकडे वळली. रिलेटिव्हिटी कंपनीने टेरान १ हे छोटं रॉकेट एकदाच उडवलं आणि मोठ्या रॉकेटकडे मोर्चा वळवला. ही कंपनी बुडाली नाही, पण छोट्या रॉकेटवर जागा घेतलेल्यांना त्याचा काय उपयोग? जर्मनीच्या इसार कंपनीचं स्पेक्ट्रम रॉकेट मार्च २०२५ मध्ये नॉर्वेहून अर्धा मिनिट उडालं आणि समुद्रात पडलं.

म्हणून नव्या कंपनीचं रॉकेट तपासताना अर्धा वेळ तिच्या ताळेबंदाला द्या. एक अपयश आणि त्यानंतरचे सहा महिने बिनकमाईचे, एवढं सोसण्याइतकी रोकड आहे का? नसेल तर भाव कितीही गोड असो, तुमचा उपग्रह हा त्यांचा अखेरचा डाव ठरू शकतो. जागा घ्यायचीच असेल तर गमावला तरी चालेल असा उपग्रह पाठवा: तंत्राची चाचणी, विद्यार्थ्यांचा प्रकल्प, ताफ्यातला जादाचा. नासाने ट्रॉपिक्समध्ये नेमकं तेच केलं होतं.

ताफावाले आणि बडे

मोठ्या खरेदीदारांची गोष्ट इथे फक्त एका कारणासाठी: पर्याय जवळ असण्याची किंमत त्यांच्याकडे नीट दिसते. मार्च २०२२ मध्ये इंटरनेट उपग्रहांचा ताफा उभारणाऱ्या वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह बैकोनूरच्या तळावर रशियाच्या सोयुझ रॉकेटवर चढलेले होते. युक्रेन युद्ध पेटलं, रशियाने ब्रिटिश सरकारने वनवेबमधलं भागभांडवल सोडावं वगैरे अटी घातल्या आणि उड्डाण रद्द झालं. ते ३६ उपग्रह तिथेच अडकले. वनवेबने दीड-दोन महिन्यांत दोन नवे करार केले, एक थेट प्रतिस्पर्धी स्पेसएक्सशी आणि दुसरा भारताच्या न्यूस्पेस इंडियाशी. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये ३६-३६ उपग्रह नेले.

अ‍ॅमेझॉनने त्याच सुमारास उलटा रस्ता धरला. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या इंटरनेट उपग्रहांच्या ताफ्यासाठी आरियान ६, व्हल्कन आणि न्यू ग्लेन या तीन रॉकेटांवर मिळून ८३ पर्यंत उड्डाणं घेतली. त्या दिवशी तिन्हींपैकी एकही रॉकेट एकदाही उडालेलं नव्हतं. व्हल्कन जानेवारी २०२४ मध्ये उडालं, आरियान ६ जुलै २०२४ मध्ये, न्यू ग्लेन जानेवारी २०२५ मध्ये. तिघंही पहिल्याच प्रयत्नात कक्षेत पोचले, हे कौतुकाचंच. पण परवान्याच्या मुदतीचं घड्याळ चालू होतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनला फाल्कन ९ ची तीन उड्डाणं विकत घ्यावी लागली. प्रतिस्पर्ध्याला पैसे द्यायचे नाहीत हा बाणा समजण्यासारखा आहे, पण तो परवडायला अ‍ॅमेझॉन असावं लागतं.

करारात काय लिहून घ्यायचं

पहिल्यांदा करार करणाऱ्यांना धक्का बसतो तो एका कलमाचा: रॉकेट फुटलं तर प्रत्येकाने आपापलं नुकसान सोसायचं. अमेरिकेत तर परवान्यासाठी ही परस्पर माफी सक्तीचीच आहे. म्हणजे कंपनीवर दावा लावून उपग्रहाची किंमत मिळत नाही. विमा काढा, किंवा दुसरा उपग्रह बांधायची तयारी ठेवा. आणि विम्यातही ‘प्रक्षेपण’ कोणत्या क्षणी सुरू होतं ते वाचा. फाल्कन ९ चा सप्टेंबर २०१६ चा स्फोट, ज्यात स्पेसकॉम कंपनीचा आमोस-६ उपग्रह गेला, उड्डाणाच्या दोन दिवस आधी, चाचणीसाठी इंधन भरताना झाला. प्रक्षेपणाचा विमा इंजिन हेतुपुरस्सर पेटवल्यापासून लागू व्हायचा, त्यामुळे तो लागूच झाला नाही. भरपाई आली ती सागरी मालवाहतुकीच्या विम्यातून. स्पेसकॉमच्या करारात आणखी एक तरतूद होती: अपयश आलं तर पैसे परत किंवा पुढचं उड्डाण. त्या हिशेबात ऑगस्ट २०१९ मध्ये आमोस-१७ फाल्कन ९ वरून गेला. अशी ओळ तुमच्या करारात आहे का बघा.

हप्ते काळाशी न बांधता कामाशी बांधा. ‘सही केल्यावर सहा महिन्यांनी’ असं लिहू देऊ नका. ‘टप्प्याची चाचणी पार पडल्यावर’ असं लिहून घ्या. दिवाळखोरीत आगाऊ दिलेली रक्कम सुरक्षित कर्जदात्यांच्या मागे रांगेत उभी राहते, आणि रांग पुढे सरकेपर्यंत तिजोरी बहुतेक रिकामी झालेली असते. उशिराची मर्यादाही आकड्यात घाला: इतक्या महिन्यांपलीकडे गेलं तर पैसे घेऊन बाहेर पडायची मुभा. ही मुभा मागितल्यावर समोरचा किती कां-कूं करतो, यावरून त्यांच्या तारखेवर त्यांचा स्वतःचा किती भरवसा आहे हे कळतं.

आणि बाहेर पडायची मुभा कागदावर असून भागत नाही, उपग्रहातही असावी लागते. संयुक्त अरब अमिरातीचा फाल्कन आय-१ हा उपग्रह जुलै २०१९ मध्ये युरोपच्या वेगा रॉकेटवर (वेगा-सीच्या आधीचं) गेला आणि बुडाला. जुळा फाल्कन आय-२ त्यांनी सोयुझवर हलवला, तो डिसेंबर २०२० मध्ये सुखरूप पोचला. त्याच्या दोनच आठवडे आधी वेगाचं आणखी एक उड्डाण, केबल उलट्या जोडल्यामुळे, फसलं होतं. असं हलता यावं म्हणून उपग्रह रॉकेटला जोडणारं कडं प्रचलित मापाचं घ्या. कंपनांची चाचणी एकाच रॉकेटच्या आकड्यांवर न करता दोन-तीन रॉकेटांच्या कमाल आकड्यांवर करा. इंधनटाकीची सुरक्षा-कागदपत्रं दोन्ही प्रक्षेपण केंद्रांच्या नमुन्यात तयार ठेवा. रचना थोडी जड होईल, चाचणीचे काही आठवडे वाढतील. हे सगळं आराखडा गोठवण्याआधी करायचं असतं, म्हणून रॉकेट कंपनीला पहिला फोन लावण्याआधी रचना बघणाऱ्या इंजिनिअरसोबत बसा.